उजवीकडची खिडकी

नागपूर,
शनिवार, दुपार

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवून दिलास. 'पावसात फुटाळा तलावावर जायचं नाही, तर मग पोरांनी नागपूरला येऊन चार दिवस काय भिंती पाहायच्या?' या तुझ्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा मला सुचलं नाही. आता सुचलंय. पण फोनवर सांगायला गेले तर पुन्हा पाण्यावरच येईन, म्हणून लिहिते. पाण्याचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसले आहे.

झड लागली तरी पोरांना घरात कोंडायची काही गरज नाही. छताखाली फिरण्यासारखं आपल्या गावात पुष्कळ आहे, फक्त वार आणि क्रम नीट धरायला हवा. १५ ऑगस्टला जोडून येताय तर सोमवार घरासाठी ठेवा. अजब बंगल्याचं म्युझियम सोमवारी बंद असतं, कडबी चौकाजवळचं छोट्या रेल्वेचं म्युझियमही सोमवारीच. लोक नेमके सोमवारी जातात आणि फाटकावरून भिजून परत येतात.

गाडी काढूच नका. घरून छत्रपती चौकापर्यंत रिक्षा, तिथून मेट्रो. सीताबर्डीला ऑरेंज आणि अ‍ॅक्वा दोन्ही लाइनी मिळतात, त्याच तिकिटावर आतल्या आत गाडी बदलता येते, बाहेर पाऊल टाकावं लागत नाही. आणि ज्या पुलावरून तुम्ही जाल तो पोरांना तूच समजावून सांग: खाली वर्धा रोड, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, असा ३.१४ किलोमीटर. गिनीज बुकात गेलेला आहे तो. शेजारच्या काकूंना मी नेहमी सांगते, माझा मंदार असलेच पूल बांधतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

ओजूला क्रॉक्स घालून आणू नकोस. सरकत्या जिन्याची पायरी आणि बाजूचा पत्रा यांच्यामध्ये बारीक फट असते. मऊ रबर ओलं झालं की पत्र्याला चिकटतं आणि पायरीबरोबर त्या फटीत ओढलं जातं. मागे पट्टा असलेले कडक तळाचे सँडल घाल, आणि पाय पिवळ्या रेघेच्या आत. छत्र्यांसाठी लांब प्लास्टिकच्या पिशव्या घे, नाहीतर डब्याच्या फरशीवर थेंब पडतात आणि मागून येणारा घसरतो. प्रत्येक पोरामागे एक कोरडा शर्ट आणि मोज्यांचा एक जोड हवाच. आबांची ती छत्री काढून ठेवली आहे, चौघं मावतात तिच्यात.

अजब बंगल्यासाठी झिरो माइलला उतरून रिक्षा करा. सकाळी उघडल्या उघडल्या जा. आभाळ भरलं की जुन्या दालनांत अंधारून येतं, त्यात लाइट गेली तर कपाटांतलं काहीच दिसत नाही. सगळी दालनं पाहायचा हट्ट धरू नका. दीड तासाच्या वर पोरांचे पाय दुखतात आणि मग कुठलंच लक्षात राहत नाही. ईराला आधी शस्त्रं दाखव, मग दगडी मूर्ती. ओजूला पक्षी. तू पाच वर्षांचा होतास तेव्हा पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या काचेला नाक लावून उभा राहायचास. काचेवर वाफेचं गोल धुकं धरायचं, ते तू बाहीने पुसायचास आणि पुन्हा नाक लावायचास. शिपाई रागवायचा, तरी हलायचा नाहीस. पाऊस असला की काच जास्त धुरकटायची, आणि तू म्हणायचास, पक्षी श्वास घेऊन राहिला.

हे म्युझियम १८६३ सालचं. इथले दगड, खडक, जुनी दफनवर्तुळं यांचा अभ्यास करणारे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांचाही म्युझियमच्या कल्पनेत वाटा होता. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला टाकळघाटकडची दगडी वर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेला ओढा ओलांडायला गेले आणि बुडाले. वाट रोजच्या ओळखीची असेल, ओढाही ओळखीचाच.

बघ, ठरवूनही आलेच मी पाण्यावर. राहू दे.

दुसऱ्या दिवशी रामन विज्ञान केंद्र. अ‍ॅक्वा लाइनने कॉटन मार्केटला उतरा, पुढे रिक्षा थेट दारापर्यंत. गांधीसागराच्या काठावर फोटोसाठी थांबू नका. आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे तारांगणाचं तिकीट, ते प्रवेशाच्या तिकिटाहून वेगळं असतं. पावसाच्या सुट्टीत सगळं गाव तिकडेच येतं, त्यामुळे आधी यंत्रं पाहत बसलं की हवा तो शो हातचा जातो. तिकीट घेऊन मधल्या वेळात खालची दालनं करा. ती हात लावून, फिरवून, ओढून पाहायची आहेत, म्हणून पोरांना घाई करू नका. मराठी शो कितीचा आहे ते खिडकीवर विचारून घे. शो सुरू होण्याआधी ओजूला बाथरूमला नेऊन आण आणि वाटेच्या कडेची खुर्ची धर, कारण अंधार होताच तो घाबरला तर दहा जणांच्या पायांवरून बाहेर यावं लागेल. कोरडा शर्ट इथेच लागतो. ओल्या अंगावर एसीचा गार वारा लागला की त्याची छाती भरते. श्रुतीला ठाऊक आहे, तरी लिहिते. पंप तिच्या पर्समध्ये असू दे, सामानात नको.

ईराला सांग की सर सी. व्ही. रामन सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत असताना काही काळ नागपुरात होते. नोबेल नंतरचं, १९३०चं. केंद्र सुरू झालं १९९२ला, तारांगण १९९७ला. बाहेरच्या डायनासोरांपाशी पाऊस पूर्ण थांबला तरच जा.

रेल्वेच्या म्युझियमला ऑरेंज लाइनने कडबी चौक. जाताना गड्डीगोदामला गाडी कुठून जाते ते सांग: सगळ्यात खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि चौथ्या मजल्यावर तुम्ही. तो १६५० टनांचा लोखंडी सांगाडा चालत्या रेल्वेच्या डोक्यावर कसा बसवला, हे तूच सांगू जाणे. म्युझियमचं दालन छताखाली आहे, इंजिनं मात्र उघड्यावर. ओल्या पायदानावर पोरांना चढवू नकोस, त्या लोखंडाला शेवाळाचा बारीक थर धरतो, तो दिसत नाही. पावसात टॉय ट्रेनचा भरवसा नाही, आधीच कबूल करून बसू नका. रुळांचं माप ईराकडून पावलांनी घेऊन दाखव. नॅरोगेजचं अडीच फूट, ब्रॉडगेजचं साडेपाच. आपली इतवारी–नागभीडची गाडी याच छोट्या रुळांवरची होती, २०१९पर्यंत. उमरेडला जाताना तू खिडकीतून हात बाहेर काढून पाऊस ओंजळीत धरायचास.

वेळ उरला तर दीक्षाभूमी. घुमट १२० फूट उंच आणि आतून पोकळ आहे, भर पावसातही आत शांत असतं. चपला पिशवीत घालून ठेवा, ओल्या फरशीवर पोरांचा हात सोडू नका.

आता मनातलं लिहिते. २२ सप्टेंबर २०२३ची ती रात्र तुम्ही तिकडे बातम्यांत पाहिली. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि सगळं पाणी नागनदीत शिरलं. माईंच्या स्वयंपाकघरात फ्रिज तरंगत होता, पहाटे होडीतून बाहेर काढलं त्यांना. संध्याकाळी तोच तलाव किती गोड दिसत होता म्हणतात. म्हणून मी फुटाळ्याला नाही म्हटलं. तू म्हणालास, 'आई, मी इंजिनीअर आहे, मला पाण्याचं सांगू नकोस.' खरं आहे. पण लोखंडी पूल, नरेंद्र नगरचा पूल यांच्याखाली पावसात पाणी भरतं. पाण्याखालची फरशी इंजिनीअरलाही दिसत नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला उचलतं. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नकोस, आत गेलेलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी तिथेच सोडायची, पोरांना उचलायचं, मागे यायचं.

पुन्हा शाळाच घेतली मी तुझी. क्षमा कर. चाळिशीला आलेल्या मुलाशी असं बोलू नये, कळतं मला. परवा आवाज चढला तोही माझाच आधी.

पोरांना पाणीच पाहायचं असेल तर दाखव. अ‍ॅक्वा लाइनने एलएडी चौकाच्या पुढे लोकमान्य नगरकडे जाताना उजवीकडच्या खिडकीशी बसा. अंबाझरी सगळा दिसतो, भरलेला, वरून, काचेआडून. झडीत पलीकडचा काठ हरवून जातो आणि पाणी थेट आभाळात शिरल्यासारखं वाटतं. टोकाहून त्याच लाइनने परत फिरा. येताना तो डावीकडे येईल, पोरांना जागा बदलायला सांग.

तिकीट काढलंस की कळव. सांबारवडीचं सारण आदल्या रात्री करून ठेवीन.

तुझी
आई

ता. क. स्टेशनवर घ्यायला येऊ नका म्हणशील. पाऊस नसेल तर येईन. असेल तर तुम्ही टॅक्सीवाल्याला लोखंडी पुलाखालून नको म्हणून आधीच सांगा.