अनुदान एसीला नको, बोअरला द्या: मुख्यमंत्र्यांना एका एसी मेकॅनिकचं खुलं पत्र

मा. श्री. देवेंद्र फडणवीस,
मुख्यमंत्री व ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नागपुरात सव्वीस वर्षं एसी, फ्रिज आणि कूलर दुरुस्त करतो. मेअखेरचा नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की आमचा फोन पहाटेपासून वाजतो आणि तक्रार एकच असते: एसी चालू आहे, पण खोली गार होत नाही. जाऊन पाहावं तर बहुतेक वेळा यंत्रात बिघाड नसतोच. आउटडोअर युनिट दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळात टांगलेलं असतं. खालपासून वरपर्यंत सगळ्या मजल्यांची युनिट एकमेकांच्या तोंडावर गरम हवा फेकत असतात. शहरात 46 अंश असतील, तर त्या बोळात हात धरवत नाही. कॉम्प्रेसर तापतो आणि ट्रिप होतो. मग आम्ही कंडेन्सर धुतो, वर हिरवी जाळी बांधतो, कुणी तर ओलं गोणपाट लटकवतो. गिऱ्हाइकाला वाटतं, दुरुस्ती झाली. ती झालेली नसते, कारण बिघाड त्या बोळातल्या हवेत असतो.

आपणही नागपूरचे. 23 मे 2013 ला इथे पारा 47.9 अंशांवर गेला होता, तो दिवस आपल्यालाही आठवत असेल. त्या दिवसानंतर माझ्या मनात जो विचार घोळत राहिला, तोच आज लिहितो आहे: घरातली उष्णता बाहेरच्या हवेत न टाकता बोअरमधून जमिनीत सोडायची, आणि त्या बोअरला सरकारने अनुदान द्यायचं.

एसी गारवा तयार करत नाही. घरातली उष्णता उचलून बाहेर टाकणं, एवढंच त्याचं काम. बाहेर जितकं तापलेलं, तितका त्याला चढ जास्त आणि तितकी वीज जास्त. म्हणजे ज्या दुपारी माणसाला गारव्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकं तेव्हाच यंत्र सगळ्यात जास्त धापा टाकतं. ही उष्णता तापलेल्या हवेत न टाकता जमिनीत सोडली तर? विहिरीचं पाणी मे महिन्यात गार आणि पौषात कोमट लागतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पाणी तेच असतं, बदलते ती वरची हवा. काही मीटर खाली गेलं की जमिनीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीपाशी स्थिरावतं. नागपुरात ते 27 अंशांच्या आसपास येतं. वर 46 आणि पायाखाली 27, हा फरक आपल्याला फुकट मिळालेला आहे.

जमिनीशी उष्णतेची अशी देवाणघेवाण करणं, हाही भूऔष्णिक ऊर्जेचाच प्रकार. पण भूऔष्णिक म्हटलं की आपल्याकडे लोकांना वज्रेश्वरी आणि उन्हवऱ्याची गरम पाण्याची कुंडं आठवतात. त्या कुंडांचा इथे संबंध नाही. घराच्या अंगणात बोअर घ्यायचा, त्यात पाणी खेळवणारी प्लास्टिकची नळी यू आकारात सोडायची, भोवतीची पोकळी बेंटोनाइट या फुगणाऱ्या मातीच्या लगद्याने घट्ट भरायची. नळीतलं पाणी घरातली उष्णता घेऊन खाली जातं, खडकाला देतं आणि निवून वर येतं. हिवाळ्यात हेच उलट चालतं. जमिनीतून पाण्याचा एक थेंब उपसावा लागत नाही. उन्हाळ्यात बाहेर टाकायची तीच उष्णता वाटेत आंघोळीचं पाणीही तापवून देऊ शकते. गुरुग्रामजवळ ग्वाल पहाडीला 'टेरी' या ऊर्जा-संशोधन संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे याचाच साधा प्रकार, म्हणजे जमिनीखाली चार मीटरवरच्या बोगद्यांतून हवा खेळवून खोल्यांत सोडण्याची सोय, फार पूर्वीपासून आहे.

केंद्र सरकारने सप्टेंबर 2025 मध्ये राष्ट्रीय भूऔष्णिक ऊर्जा धोरण जाहीर केलं. त्यात उष्णता जमिनीत सोडणाऱ्या अशा घरगुती यंत्रणेचा, म्हणजे हीट पंपांचाही समावेश आहे, हे वाचून मला खरोखर आनंद झाला. पण माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात आज काय आहे? छतावर तीन किलोवॉटची सौर पॅनेल लावली तर पीएम सूर्यघर योजनेतून 78,000 रुपये मिळतात. सप्टेंबर 2025 मध्येच एसीवरचा जीएसटीही 28 टक्क्यांवरून 18 वर आला. दोन्ही चांगलंच झालं. एसी आता चैन राहिलेली नाही, हे मी रोज पाहतो. पण रात्री दहा वाजता पॅनेल झोपलेली असतात आणि घराघरातले एसी जागे असतात. तेव्हाची वीज कोराडी-खापरखेड्याच्या कोळशातून येते आणि राखही आमच्याच वाट्याला येते. 30 मे 2024 ला देशाची विजेची मागणी 250 गिगावॉटवर पोहोचली होती. वीज तयार करणाऱ्या घराला सरकार पैसे देतं. मग भर उन्हाळ्यात विजेची मागणीच कमी करणाऱ्या घराला का नाही? माझा अंदाज असा, की नीट बसवलेल्या यंत्रणेत मे महिन्याच्या दुपारी एसीच्या विजेतला तिसरा हिस्सा तरी वाचेल. शिवाय शेजाऱ्याच्या खिडकीत गरम हवा जाणार नाही. हा फायदा बिलात कुठेच दिसत नाही. ज्या फायद्याचे पैसे घरमालकाला मिळत नाहीत, तिथेच सरकारने हात द्यायचा असतो.

आता मुख्य मागणी. अनुदान यंत्राला देऊ नका, बोअरला द्या.

एसी दहा-बारा वर्षांत भंगारात जातो, घरमालक बदलतो, कंपन्या येतात नि जातात. पण जमिनीत नीट बसवलेली नळी पन्नास वर्षं टिकू शकते. ती उपटून कुणी नेऊ शकत नाही, त्यामुळे दुसऱ्याच घरी दाखवून पुन्हा पैसे उचलण्याची भीती नाही. घर विकलं तरी तिचा उपयोग पुढच्याला होतो. रस्ता आणि नळाची पाइपलाइन यांसारखीच ती मालमत्ता आहे. आणि खर्चाचा जो वाटा सामान्य माणसाला झेपत नाही, तो इथेच आहे. एसीच्या एका टन क्षमतेला साधारण दीडशे ते दोनशे फूट बोअर लागतो. आपली जमीन मुळातच उबदार, म्हणून थोडा जास्तच धरावा. दोन खोल्यांच्या घराला एवढं खणायचं म्हटलं की माणूस मागे हटतो. पण खणणारे हात आपल्याकडे तयार आहेत. पाण्यासाठी आपण महाराष्ट्राची चाळण करून टाकली आहे. बोअरच्या गाड्या गावोगाव फिरतात, काळ्या दगडात कसं उतरायचं हे त्या पोरांना कुणी शिकवायला नको. फक्त लगदा भरण्याचं आणि नळी दाब देऊन तपासण्याचं प्रशिक्षण हवं. ते आयटीआयमध्ये सहज देता येईल.

दुसरी गोष्ट कायद्याची. राज्याच्या 2009 च्या भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधनं आहेत आणि ती योग्यच आहेत. विदर्भ-मराठवाड्यात पाणी कुठवर खाली गेलं, हे सांगायला नको. पण पाणी न उपसणारा, तोंडापर्यंत बुजवलेला बोअर हा विहीर नव्हे. तशी स्पष्ट व्याख्या झाली नाही, तर प्रत्येक अर्ज टेबलावर पडून राहील. व्याख्येबरोबर तपासणीही कडक हवी, कारण अर्धवट बुजवलेल्या भोकातून वरची घाण थेट भूजलात उतरेल. तसं एकदा झालं तर लोकांचा विश्वास उडायला वेळ लागणार नाही. हा विषय ऊर्जा, नगरविकास आणि भूजल अशा तीन खात्यांच्या दारात उभा आहे. म्हणूनच पत्र मुख्यमंत्र्यांना.

यातल्या अडचणीही सांगतो. युरोपात हिवाळाभर जमिनीतून उष्णता काढतात, उन्हाळ्यात थोडी परत देतात. आपल्याकडे उलट आहे. चार-पाच महिने आपण जमिनीत उष्णता ओतत राहणार आणि थंडीत काढणार फार थोडी. बोअर कमी खोल किंवा फार जवळजवळ घेतले, तर काही वर्षांत जमीनच तापेल आणि यंत्रणा निकामी होईल. म्हणून गरम पाण्याची जोडणी सक्तीची असावी, आणि खडक पाहूनच खोली ठरावी. नागपूरच्या पूर्वेला नाइस नावाचा खडक आहे, तो उष्णता चांगली वाहून नेतो. पश्चिमेला काळा बेसॉल्ट आहे, तिथे बोअर जास्त लागेल. अख्ख्या राज्याला एकच तक्ता लावून चालणार नाही.

म्हणून अनुदानाचे दोन हप्ते करा. अर्धी रक्कम बोअर तपासून झाल्यावर, उरलेली पहिला उन्हाळा पार पडल्यावर, मीटरवरचे आकडे पाहून. काम खराब झालं तर पैसे थांबतील, मग ठेकेदार आपोआप नीट काम करेल. आणि सुरुवात बंगल्यांपासून करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याकडे एसी नाही आणि अंगणही नाही. त्याचा पैसा माझ्या सिव्हिल लाइन्समधल्या गिऱ्हाइकाच्या अंगणात पुरला जाऊ नये. ग्रामीण रुग्णालयातला उष्माघाताचा कक्ष, आश्रमशाळेचं वसतिगृह, पोलिसांची घरं इथे आधी करा. त्यानंतर एकाच सामायिक बोअरवर अनेक घरं घेणाऱ्या गृहनिर्माण संस्था, आणि एकट्या घराचा नंबर शेवटी.

एकदा मुदत जाहीर केली की ती पाळावी, हेही सांगावंसं वाटतं. अमेरिकेत अशा घरगुती यंत्रणेला खर्चाच्या 30 टक्के करसवलत होती. 2022 च्या कायद्याने ती 2032 पर्यंत राहील असं ठरवलं होतं. जुलै 2025 च्या नव्या कायद्याने ती 31 डिसेंबर 2025 लाच संपवली. अशा धंद्यात माणूस कर्ज काढून यंत्रं घेतो, पोरं शिकवून तयार करतो. मध्येच दार बंद झालं, तर परत त्या वाटेला कुणी जात नाही. आपण रक्कम कमी ठेवली तरी चालेल, पण पाच वर्षांचा शब्द द्या.

नवतपा 25 मेच्या सुमारास लागतो. विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात चार बोअर घ्यायला आणि नळ्या टाकायला दोन महिने पुरतात. जागा आपण ठरवा. मीटर लावणं, रोज तीन वेळा आकडे टिपणं आणि ते जसे येतील तसे आपल्या कार्यालयाला पाठवणं, एवढं काम मी आणि माझ्या दुकानातली दोन पोरं उन्हाळाभर विनामोबदला करू.

आपला नम्र,
एक एसी मेकॅनिक, नागपूर