सूचना : रविवारची बैठक आणि तस्करीतून सुटलेल्या मुलींसाठीचा निधी

भगिनींनो, रविवारी संध्याकाळी ५ वाजता मंगळवार पेठेत बैठक आहे. ३० जुलैच्या मानवी तस्करीविरोधी दिनाआधी निधी जमायलाच हवा. कळकळीची विनंती, जुन्या साड्या आणू नका. मागच्या खेपेला त्यातल्या एकीनं दिलेल्या साडीची घडीही न मोडता विचारलं, "ताई, शिलाई मशीन मिळंल काय?" मशीन आणि खोलीचं डिपॉझिट, एवढ्यासाठीच पैसे हवेत, जमेल तेवढे द्या. पिटा कायद्याखालचे (देहव्यापारासाठीच्या तस्करीविरोधी कायद्याखालचे) खटले लांबतात, तारखेला मुलींसोबत कोर्टात जाणाऱ्या दोघी पुढे या. हे काम पैशाहून मोठं आहे. कुणाचंही नाव, फोटो ग्रुपवर नको. अल्पवयीन मुलीबद्दल शंका आली तर लगेच १०९८ ही बालकांसाठीची हेल्पलाइन लावा.