तू भंगार म्हटलेल्या अल्बमबद्दल

प्रिय अन्वय,

ब्रान्डेनबुर्ग गेटसमोरचा फोटो मिळाला. जॅकेटची चेन लावत जा. खाली तू लिहिलंयस, "आई, तुझ्या त्या भंगार अल्बमचं पहिलं गाणं!" त्या गाण्याचं नावच ‘ब्रान्डेनबुर्ग गेट’, म्हणजे निदान पहिल्या गाण्यापर्यंत तरी तू अमेरिकन रॉक गायक लू रीड आणि हेवी मेटल बँड मेटॅलिका यांचा ‘लुलू’ ऐकलास. बाकीचं व्हॉट्सॲपवर मावणार नाही, म्हणून पत्र.

लू रीड बेसूर गातो, ही तुझी मुख्य तक्रार. अरे, तो गातच नाहीये, संवाद म्हणतोय. ही गाणी मुळात नाटकासाठी लिहिलेली. जर्मन नाटककार फ्रांक वेडेकिंटची लुलू नावाच्या बाईवरची दोन नाटकं दिग्दर्शक रॉबर्ट विल्सननं तुझ्याच बर्लिनमध्ये, बर्लिनर आन्सांबल या नाट्यगृहात एप्रिल 2011 मध्ये बसवली, आणि गाणी रीडची होती. तीच घेऊन तो कॅलिफोर्नियात मेटॅलिकाच्या स्टुडिओत गेला. लुलूपायी एकामागून एक पुरुष धुळीला मिळतात, एकाला ती गोळी घालते, आणि शेवटी लंडनमध्ये जॅक द रिपरच्या हातून मरते. लुलू होऊन हे सगळं बोलतो कोण, तर 69 वर्षांचा म्हातारा! पुरुषानं बाई उभी करणं आपल्याला नवीन नाही. पण बालगंधर्व आवाजापासून चालीपर्यंत सगळं बाईचं करायचे, रीड काहीच करत नाही. तोच खरखरीत, वैतागलेला आवाज, आणि मागे मेटॅलिकाच्या जेम्स हेटफील्डच्या गिटारची भिंत. माझ्या अंगावर येतं ते नेमकं हेच. गोड गळ्यानं म्हटलं असतं तर लुलूची कीव करून आपण मोकळे झालो असतो.

30 ऑक्टोबर 2011 ला मेटॅलिका बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर वाजवून गेली. तुला आजीकडे ठेवून मी आणि बाबा पुण्याहून बसनं गेलो होतो. दोनच दिवस आधी गुडगावचा शो रद्द झालेला, लोकांनी तिथे स्टेजची मोडतोड केलेली, त्यामुळे गेटातून आत शिरेपर्यंत जिवात जीव नव्हता. त्या रात्री ‘लुलू’मधलं एकही गाणं वाजलं नाही. अल्बम दुसऱ्या दिवशी आला आणि जगभर नुसती टिंगल. एका गाण्यात हेटफील्ड स्वतःला टेबल म्हणवून घेतो, ते तर लोकांनी सोडलंच नाही. आपल्या डायनिंग टेबलाला बाबा ‘जेम्स’ का म्हणतात, हे आता कळलं असेल.

माझं म्हणणं एवढंच, की शेवटचं ‘ज्युनिअर डॅड’ ऐकल्याशिवाय निकाल देऊ नकोस. 19 मिनिटांचं आहे. बुडणारा माणूस मदत मागतो, मेलेला बाप स्वप्नात येतो, आणि मुलगा स्वतःच म्हातारा होऊन बसलेला असतो. रीडला सतराव्या वर्षी आई-वडिलांच्या संमतीनं मानसिक उपचार म्हणून विजेचे झटके दिले होते. बापाबद्दल असं लिहायला त्याला पुढची पन्नास वर्षं लागली असतील तर मला नवल वाटत नाही. मेटॅलिकाचा दुसरा गिटारवादक कर्क हॅमेट, त्याचे वडील नुकतेच गेले होते. हे गाणं ऐकताना तो उठून स्टुडिओच्या स्वयंपाकघरात जाऊन रडायला लागला, आणि थोड्या वेळानं पाहतो तो हेटफील्डही डोळे पुसत तिथेच आलेला. काळे टी-शर्ट घालून स्टेज हादरवणारी ही माणसं! गाण्याचा शेवटचा मोठा भाग नुसता तंतुवाद्यांचा एक लांबच लांब सूर आहे. तिथे फोन हातात घेऊ नकोस.

तुझ्या बाबांना तो सूर फ्रिजसारखा वाटतो. त्यांना काही बोलायची सोय नाही. प्रसिद्ध ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीला मात्र हे रीडचं सर्वांत मोठं काम वाटायचं, असं रीडच्या पश्चात त्याच्या बायकोनं, लॉरी अँडरसननं, सांगितलं. मी स्वतः इतकं नाही म्हणणार. ‘मिस्ट्रेस ड्रेड’ मला अजून झेपत नाही, ते तू खुशाल गाळ.

आणि तुझं जर्मन आता बरं झालंय ना? मग बर्लिनर आन्सांबलला विद्यार्थ्यांना तिकीट केवढ्याला पडतं ते विचारून कळव. जूनमध्ये आम्ही येतोय.

तुझी,
आई