मे सॉटमध्ये राहणाऱ्यांबद्दलही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या भारतीय तरुणांना थायलंडमधल्या मे सॉटहून विमानाने परत आणले, ही बातमी २०२५ मध्ये आपण ठळकपणे दिलीत. त्यांत महाराष्ट्रातली मुलेही होती, त्यामुळे ते योग्यच झाले. पण त्याच गावात वर्षानुवर्षे राबणाऱ्या म्यानमारच्या माणसांबद्दल चार ओळीही आल्या नाहीत, याचे वाईट वाटते.

मे सॉट मोई नदीच्या काठी आहे, पलीकडे म्यानमार. तिकडून आलेले लोक इथल्या कपड्यांच्या कारखान्यांत आणि शेतांवर काम करतात. २०२१ च्या लष्करी उठावानंतर शिक्षक, परिचारिका, विद्यार्थी आले. २०२४ मध्ये सक्तीची लष्करभरती सुरू झाली, तेव्हा आणखी तरुण पळून आले. कागदपत्रे नसलेल्याला मजुरी कमी मिळते आणि तक्रार करायची सोय नसते, कारण पोलिसांत गेले तर आपलीच परत पाठवणी व्हायची.

अशांसाठी डॉ. सिंथिया माऊंग यांनी १९८९ मध्ये तिथे मे ताओ क्लिनिक सुरू केले. त्या स्वतः म्यानमारमधल्या कारेन समाजाच्या, तिथल्या लष्कराच्या १९८८ च्या दडपशाहीत सीमा ओलांडून आलेल्या. २००२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला तिथल्या प्रसूतिगृहाचे मोल सर्वांत जास्त वाटते. तिथे बाळंतपण झाले की जन्माचा कागद मिळतो आणि त्याच्या आधारे थाई दप्तरी बाळाची नोंद करता येते. आईजवळ ओळखीचा एकही पुरावा नसला, तरी मूल सरकारदरबारी अस्तित्वात येते.

सीमेवरच्या छावण्यांत लाखाहून अधिक निर्वासित आहेत, काही तर १९८४ पासून. त्यांना बाहेर काम करायला बंदी होती. २०२५ मध्ये अमेरिकेने मदत थांबवली, छावण्यांतले दवाखाने बंद पडले, शिध्यावर गदा आली. अखेर ऑगस्टमध्ये थाई मंत्रिमंडळाने छावण्यांत नोंद असलेल्यांना कामाची परवानगी दिली. कंबोडियाशी झालेल्या संघर्षानंतर तिकडचे मजूर निघून गेले होते, हेही त्यामागचे कारण. तरीही निर्णय चांगलाच आहे. मात्र उठावानंतर आलेले बहुतेक लोक त्यातून वगळले गेले आहेत.

निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर थायलंडची सही नाही, तशी भारताचीही नाही. मिझोराममध्ये म्यानमारच्या चिन समाजाचे हजारो निर्वासित आश्रयाला आहेत. त्यांना रीतसर काम करू द्यावे की नाही, यावर आपण अग्रलेख लिहावा, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक