गाळ्याबद्दल, आणि थोडं झोपेबद्दल

मुंबई, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज दुपारी जेवताना तीनदा ओठांवर आलं आणि तीनदा गिळलं. आई भरीत वाढत होती, बाबा गाळ्याच्या शटरला कुठला रंग द्यायचा ते विचारत होते. अशात काय सांगणार? म्हणून रूमवर आल्याआल्या लिहायला बसले. फोन केला असता तर आई नुसती "बरं" म्हणून गप्प झाली असती, आणि ते मला सोसलं नसतं.

तर आधी सांगून टाकते. गाळ्यात मी दवाखाना टाकणार नाही. नोकरी देऊ करणाऱ्या त्या खासगी हॉस्पिटललाही 'नाही' असं कळवलंय. एक तारखेपासून मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू होतेय. सही शुक्रवारीच झाली. वॉर्ड आणि ओपीडी राहीलच, पण त्याच्या जोडीला मला हवं असलेलं काम तिथे करू देणार आहेत. रेसिडेंट, म्हणजे वॉर्डात काम करत पुढचं शिकणारे डॉक्टर, काय शिकतात, किती तास जागे असतात, एकमेकांच्या हातात पेशंट कसा सोपवतात, याचा अभ्यास.

बाबा, "न विचारता केलंस" असं तुम्ही तोंडाने म्हणणार नाही, मनात म्हणाल. विचारलं असतं तर "तुझं तू बघ" म्हणून रात्रभर गॅलरीत बसला असतात, मागे एकदा बसला होतात तसे. त्या गाळ्यात तुमचा फंड आहे, हे मी एक दिवसही विसरलेले नाही. गाळा विकायचा मात्र नाही. कोपऱ्यावरचे मेडिकलवाले भाड्याने मागत होते, त्यांना देऊ. भाडं आईच्या खात्यात जमा होईल, माझ्या नाही. पगार खासगीपेक्षा कमी आहे, पण मला पुरून घरी देण्याइतका आहे. दादाच्या फ्लॅटच्या वेळी कबूल केलेलं मी देणारच आहे, त्यात काही फरक नाही.

आता कारण सांगते. हे मी दादालासुद्धा सांगितलेलं नाही.

बाबांच्या साठीचं जेवण आठवतंय? श्रीखंडाची वाटी पुढे असताना मी बसल्या जागी झोपले, आई सगळ्यांना "दमलीये हो पोर" सांगत राहिली आणि माझ्या पाठीवर शाल टाकली. त्या दिवशी मी सलग ३४ तासांची ड्युटी करून आले होते. निघण्याआधी एका मधुमेही आजोबांच्या पेपरवर इन्शुलिन लिहिलं. चार युनिट लिहायचं होतं. चार आकड्याला युनिटचा 'यू' इतका चिकटून काढला की तो शून्यासारखा दिसला आणि चाराचे चाळीस झाले. संध्याकाळच्या पाळीच्या सिस्टर कागद घेऊन माझ्यापाशी आल्या. "डॉक्टर, चाळीस? या आजोबांना?" त्यांनी विचारलं म्हणून. विचारलं नसतं तर काय झालं असतं, ते इथे लिहिण्याइतका धीर आजही नाही. आजोबा आठ दिवसांनी चालत घरी गेले. जाताना माझ्या हातावर एक केळं ठेवून गेले. ते मला खाता आलं नाही.

आई, आता रडू नकोस. काही झालेलं नाही. आणि तेव्हापासून मी 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिते, ज्युनिअर्सनाही तसाच लिहायला लावते.

बाबा, तुम्ही बस डेपोत गाड्या सोडणारे स्टार्टर होतात, म्हणून हे तुम्हाला आईपेक्षाही लवकर कळेल. एकदा लाल डोळ्यांच्या ड्रायव्हरला तुम्ही गाडीवरून उतरवलंत. त्याने डेपोभर आरडाओरडा केला, तुम्ही घरी येऊन जेवला नाहीत. आईला एवढंच म्हणालात, "मागे साठ माणसं बसलेली असतात." मी तेव्हा चौथीत होते, पण ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८, हा १९६१ चा मोटार कामगारांचा कायदा तुम्हीच मला पाढ्यासारखा ऐकवायचात. रेसिडेंटसाठीही केंद्राच्या १९९२ च्या योजनेत एका वेळी साधारण बारा तास आणि आठवड्याला ४८ असंच लिहिलंय. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सने आठवड्याला ७४ तासांची मर्यादा आणि आठवड्याला एक सुट्टी सुचवली. ४८ पाळले गेले असते तर ७४ सुचवायची वेळ आली नसती. वॉर्डाच्या दारात डोळे बघून घरी पाठवणारा स्टार्टर कुणी उभा नसतो, बाबा.

हा अभ्यास अमेरिकेत झालाय ना, मग तू परत कशाला, असं तुम्ही विचाराल. झालाय, आणि तो वाचूनच मी इथवर आले. न्यूयॉर्कमध्ये १९८४ मध्ये १८ वर्षांची एक मुलगी हॉस्पिटलात दाखल झाल्यावर काही तासांत गेली. तिला बघणारे डॉक्टर शिकाऊ होते, लांबलचक ड्युटीवर होते. तिचे वडील हटून बसले, तेव्हा १९८९ मध्ये त्या राज्यात आठवड्याला ८० तासांचा नियम आला आणि २००३ मध्ये तो देशभर लागू झाला. बॉस्टनच्या एका हॉस्पिटलच्या आयसीयूंमध्ये मोजून पाहिलेलं २००४ मध्ये छापून आलं, तर कमी तासांच्या ड्युट्यांपेक्षा जुन्या लांब ड्युट्यांमध्ये इंटर्नच्या हातून गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त झाल्या होत्या. इथवर सगळं सरळ वाटतं. मग सर्जरी शिकवणाऱ्या ११७ ठिकाणी झालेल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. काही ठिकाणी ड्युटीच्या तासांचे नियम कडक ठेवले, काही ठिकाणी सैल. पेशंटच्या तब्येतीत दोन्हीकडे फरक दिसला नाही.

हे वाचून मी दोन दिवस गप्प होते. मग लक्षात आलं की तास कमी केले की पेशंट जास्त हातांतून जातो, आणि प्रत्येक हातबदलात काहीतरी सांगायचं राहून जातं. ड्युटी संपताना पुढच्याला पेशंट समजावून सांगणं, त्याला आम्ही 'ओव्हर देणं' म्हणतो. ते आम्हाला कुणी शिकवलंच नाही. जिन्यात, चहाच्या टपरीवर, कधी व्हॉट्सॲपवर दोन ओळींत उरकायचं. अमेरिका-कॅनडाच्या नऊ हॉस्पिटलांनी फक्त हे ओव्हर देणं ठरावीक पद्धतीने शिकवलं, तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या, असं २०१४ मध्ये छापून आलं. पण तिकडचा इंटर्न रक्ताच्या बाटल्या स्वतः लॅबमध्ये पोचवत नाही, एक्स-रेला ट्रॉली ढकलत नाही, खाटांच्या मधे जमिनीवर झोपवलेले पेशंट तपासत नाही. त्यांचं उत्तर आपल्या वॉर्डाला जसंच्या तसं बसणार नाही. आपल्या वॉर्डात आपणच बसून ते बघावं लागेल. पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत मी ड्युटीवर बसेन, ओव्हर ऐकेन, त्यांच्याशी बोलेन. कुणाचं नाव कुठे येणार नाही. एथिक्स कमिटीची परवानगी घेऊनच सगळं.

आणखी एक लिहू का नको असा विचार करत होते. डिप्रेशनबद्दल २०१५ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तर रेसिडेंटपैकी जवळपास २९ टक्क्यांमध्ये त्याची लक्षणं होती. माझी रूममेट पहिल्या वर्षी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची, मला वाटायचं कपडे धुतेय. आता ती छान आहे. मीही छान आहे, आई, तुझी शपथ. पण तो नळ माझ्या कानातून जात नाही.

माझी काळजी करू नका. क्वार्टर पहिल्या मजल्यावर आहे, दोन खिडक्या, पावसात ओल येत नाही, मी भिंतीला हात लावून बघितलं. गिझर चालतो. उशी घरचीच आणलीये, निळ्या अभ्र्याची. दुपारी डबा लावलाय, पोळ्या मऊ असतात. नाईट ड्युटी आता महिन्यातून मोजक्याच, आणि दर रविवारी मुलुंडला. खरंच दर रविवारी, मागच्या तीन वर्षांसारखं नाही.

मला टायफॉइड झाला होता तेव्हा बाबा, तुम्ही शेवटची पाळी करून यायचात आणि खाकी शर्ट न बदलताच कपाळावर हात ठेवायचात. तिकिटांचा आणि डिझेलचा वास यायचा. मला ताप उतरल्यासारखं वाटायचं. आई उशाशी बसून पेजेचा एकेक चमचा "हा काऊचा" म्हणत भरवायची, मी बारा वर्षांची घोडी असूनही. पेशंटच्या कपाळाला हात लावते तेव्हा आजही आधी तो वास येतो.

आता नीट ऐका. बाबा, बरं वाटतंय म्हणून प्रेशरची गोळी सोडायची नाही. गोळी घेताय म्हणूनच बरं वाटतंय. मशीन काढून ठेवलंय, सकाळी चहाच्या आधी पाच मिनिटं शांत बसून मोजायचं आणि आकड्याचा फोटो मला पाठवायचा. लोणचं बंद म्हणजे बंद, वाटीत खार ओतून घेणंही त्यातच आलं. आई, स्टेशनचा पूल सरकत्या जिन्यानेच चढायचा, आणि गुडघ्याच्या व्यायामाचा कागद फ्रिजवर लावलाय तो नुसता शोभेला नाही. शेजारच्या काकूंच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत. आज सिंकखाली ती पट्टी मला दिसली. रागावले नाही, पण पुन्हा नको.

माझ्या निर्णयाचा राग आला असेल तर येऊ दे. पण जेवण सोडू नका, दोघांनीही.

गाळ्याची दुसरी किल्ली माझ्या पर्समध्येच राहिलीये. पुढच्या रविवारी घेऊन येते, मग आपण तिघं जाऊन शटर बघू. रंग बाबांना आवडेल तोच देऊ, भाडेकरूला विचारायचं नाही. भाकरी ज्वारीची कर, आई, मी बाराच्या आत पोचते.

तुमची,
चिमू