विशेष शिक्षणाच्या टीमला एकत्र बसायला वेळ द्या : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सरकारी शाळांतील विशेष शिक्षणाच्या टीमला अधिकृत प्रमुख आणि कामाच्या वेळेत साप्ताहिक बैठक मिळण्याबाबत

मा. महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी विशेष शिक्षिका आहे. केंद्रशाळेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या (केंद्रातल्या) मुख्य शाळेत, दिव्यांग मुलांसाठी काम करणाऱ्या टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. तसा कोणताही लेखी आदेश मात्र माझ्याजवळ नाही. मुख्याध्यापकांनी "ताई, हे सगळं तुम्हीच बघा" म्हणून सांगितलं आणि काम सुरू झालं. राज्यात माझ्यासारख्या अनेकजणी आणि अनेकजण असंच काम बघताहेत. टीममध्ये कोण कोण असतं हेही आधी सांगते, कारण कागदावर फक्त विशेष शिक्षक दिसतो. प्रत्यक्षात वर्गशिक्षक, मदतनीस, ठरलेल्या दिवशी येणारे फिजिओथेरपिस्ट, वाचा उपचारतज्ज्ञ, मुख्याध्यापक आणि मुलाची आई किंवा आजी, एवढी माणसं एका मुलाभोवती काम करत असतात. ही सगळी एका वेळी एका खोलीत कधी बसतात? बहुतेक शाळांमध्ये कधीच नाही. या पत्रात मी जे मागणार आहे ते एवढ्याच एका गोष्टीसाठी आहे.

पदांच्या बाबतीत शासनाने पाऊल उचललं आहे, हे मनापासून मान्य करते. २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करायला मंजुरी दिली. वर्षानुवर्षं कंत्राटावर काम करणाऱ्या माणसांसाठी त्या निर्णयाचं मोल किती, हे दर वर्षी मुदतवाढीच्या आदेशाची वाट पाहिलेल्या माणसालाच कळेल. पण पद केंद्राला एक आणि एका केंद्रात दहा-बारा शाळा असणं नेहमीचंच. म्हणजे विशेष शिक्षक एखाद्या शाळेत आठवड्यातून जेमतेम एकदा पोहोचतो. तो आला की वर्गशिक्षक तीन-चार मुलं त्याच्याकडे सोपवतात, तो त्यांना संसाधन कक्षात किंवा व्हरांड्यात घेऊन बसतो आणि तास संपला की पुढच्या शाळेकडे निघतो. त्या तासात काय झालं हे वर्गशिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. उरलेले पाच दिवस मूल ज्यांच्यासमोर बसतं, त्यांनाच त्याच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती असते.

दुसरीतल्या एका मुलाचं सांगते. त्याला स्वमग्नता आहे. परिपाठाच्या वेळी तो किंचाळायचा, कधी हाताला चावून घ्यायचा. वर्गशिक्षिका त्याला रांगेतून काढून वर्गात नेऊन बसवत. आमची विशेष शिक्षिका तिच्या दिवशी चित्रकार्डं दाखवून त्याला रांगेत उभं करायचा प्रयत्न करी. मदतनीस मावशी त्याला सरळ पोटाशी धरत. तिघींचीही त्याच्यावर माया होती, आणि तिघींकडून त्याला तीन वेगवेगळे नियम मिळत होते. शेवटी तिघींना एकत्र बसवलं. एका वहीत तीन रकाने आखले : आधी काय घडलं, त्याने काय केलं, मग आपण काय केलं. जी हजर असेल तिने तिथल्या तिथे लिहायचं, एवढंच ठरलं. मावशींना लिहायला संकोच वाटायचा, म्हणून त्या सांगत आणि चौथीतली एक मुलगी लिहून घेई. काही दिवसांत वही बोलायला लागली. प्रार्थनेचा किंवा गर्दीचा त्याला त्रास नव्हताच. माइक चालू करताना जी कर्कश शिट्टी वाजते, तिच्या आधीच तो कानांवर हात नेत असे, आणि दुसरीची रांग नेमकी स्पीकरखाली होती. रांग दुसऱ्या टोकाला हलवली. माइक तपासताना मावशी त्याला मैदानाच्या कडेला नेऊ लागल्या. आजही स्नेहसंमेलनाच्या तालमींच्या दिवसांत त्याला जड जातं, पण परिपाठाला तो उभा राहतो.

हे सांगताना मला वहीचं कौतुक करायचं नाही. त्या बैठकीसाठी वेळ कुठून आला, तेवढं आपण बघावं. दुसरीचा वर्ग तिसरीत बसवावा लागला. विशेष शिक्षिकेने पुढच्या शाळेची भेट उशिरा केली आणि त्याचं स्पष्टीकरण तिला द्यावं लागलं. मावशींचं मानधन हजेरीवर, त्यात बैठकीला जागाच नाही. वेळापत्रकात नसलेलं काम माणसं जिवावर घेऊन करतात तोवर होतं. टीमप्रमुखाची बदली झाली की ते बंद पडतं.

कायदा या बाबतीत शासनाच्या पुढे आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १६ मध्ये शाळांची कर्तव्यं सांगितली आहेत. अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखावी, प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यांवर लक्ष ठेवावं, असं त्यात स्पष्ट आहे. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. एका विशेष शिक्षकाचं प्रशिक्षण सहसा एकाच प्रकारात झालेलं असतं : कुणाचं श्रवणदोषात, कुणाचं दृष्टिदोषात, कुणाचं बौद्धिक अक्षमतेत. एकट्याने एकवीस प्रकार पेलायचे ही अपेक्षाच चुकीची आहे, म्हणून टीम लागते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांतील विशेष शिक्षकांच्या प्रमाणाबद्दल निर्देश दिले आणि २०२२ मध्ये शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत ते प्रमाण आलं : पहिली ते पाचवीत दर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, सहावी ते आठवीत दर १५ मुलांमागे एक. हे प्रमाण मुलांच्या संख्येवर आहे. आपली पदं केंद्रांच्या संख्येवर आहेत. ही दरी किती रुंद आहे ते प्रत्येक तालुक्याच्या यूडायसच्या (शाळांच्या माहितीच्या शासकीय नोंदीच्या) आकड्यांवरून आपल्या कार्यालयाला सहज काढता येईल.

आता मुलांमधलं दिव्यांगत्व वेळेत ओळखण्याबद्दल. त्यासाठी एनसीईआरटीने २०२२ मध्ये 'प्रशस्त' नावाचं अ‍ॅप दिलं. पहिल्या भागात वर्गशिक्षक निरीक्षणं नोंदवतात, दुसऱ्या भागात विशेष शिक्षक ती तपासतात. साधन चांगलं आहे, मी ते वापरते. अडचण त्याच्या पुढची आहे. नोंद झाली, पुढे काय करायचं हे ठरवायला कुणी एकत्र बसत नाही. मुलाचं नाव वैद्यकीय तपासणीच्या यादीत जातं, शिबिराची तारीख येते, त्या दिवशी वडिलांची मजुरी बुडते म्हणून मूल पोहोचत नाही, आणि पुढच्या शिबिरापर्यंत सगळं थांबतं. मूल मात्र रोज शाळेत येत असतं. अक्षरं उलटसुलट लिहिणाऱ्या मुलाला फळ्यावरून उतरवायला न लावता तोंडी उत्तर घ्यायला कोणतंही प्रमाणपत्र लागत नाही. पण हे वर्गशिक्षकांना कुणी सांगायचं? विशेष शिक्षिकेला वाटतं, वर्ग त्यांचा, आपण कसं बोलणार. वर्गशिक्षकांना वाटतं, प्रमाणपत्र येईपर्यंत आपण काही बदललं तर उद्या कुणी विचारेल. दोघांच्याही मनात भीती आहे आणि ती अधिकार असलेल्या माणसानेच काढायची असते. मग मूल दहावीत पोहोचतं आणि तासाला २० मिनिटांच्या जादा वेळेसाठी, लेखनिकासाठी पालकांची कागदपत्रांची धावपळ सुरू होते. तिसरीत ज्याच्या वहीवरून सगळं दिसत होतं, त्याची पहिली दखल परीक्षेचा अर्ज भरताना घेतली जाते. मला याचा फार त्रास होतो. सात वर्षं ते मूल स्वतःला मठ्ठ समजत राहिलेलं असतं.

प्रत्येक दिव्यांग मुलासाठी करायच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्याबद्दलही मोकळेपणाने लिहिते. तपासणी आली की आराखडे पूर्ण असतात. ते विशेष शिक्षकाने एकट्याने, बहुतेक वेळा रात्री घरी बसून भरलेले असतात. वर्गशिक्षकांची सही शेवटी घेतली जाते, पालकांचीही. आईला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं की मुलगी उजव्या बाजूने हाक मारली तरच वळते, शौचाला जायचं असलं की ओढणीचं टोक चोळते. आमच्याकडच्या एका आराखड्यात सगळ्यात उपयोगी ओळ एका आजीने दिलेली आहे. ती आम्ही बैठकीला बोलावल्यामुळे मिळाली, नमुन्यात त्यासाठी रकाना नाही.

साहित्य वाटपावर फार लिहीत नाही. व्हीलचेअर आणि पायाला आधार देणारे कॅलिपर दिले जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण मूल वाढतं आणि कॅलिपर तोकडं होतं. ते दुरुस्त करून घेण्याचं काम कुणाचं, हे कुठल्याच कागदावर नाही. टीमप्रमुख असेल तर तो विचारेल.

आणि कार्यालयाचं काम. विशेष शिक्षकाला स्वतःचा वर्ग नसतो, म्हणून तो मोकळा समजला जातो. माहिती भरायची आहे, बोलवा. निवडणुकीचं काम आहे, बोलवा. त्याच्या भेटीचा दिवस गेला की त्या शाळेतल्या मुलांना पुढच्या आठवड्यापर्यंत कुणी नसतं. वर्गशिक्षक गेला तर वर्ग दिसतो, गोंगाट होतो, कुणीतरी बदली शिक्षक पाठवतं. आमची मुलं गोंगाट करत नाहीत, ती नुसती बसून राहतात.

म्हणून मागणी करते. प्रत्येक केंद्रात विशेष शिक्षणाच्या टीमचा प्रमुख लेखी आदेशाने नेमा. तो विशेष शिक्षकच असावा असं माझं मत आहे, कारण मुलांशी रोजचं काम असल्याशिवाय हे नेतृत्व करता येत नाही. त्याला वर्गात बसून निरीक्षण करण्याचा, बैठक बोलावण्याचा आणि थेरपिस्टच्या भेटींचे दिवस शाळेशी ठरवण्याचा अधिकार असावा. त्याचा स्वतःचा अध्यापनाचा भार त्या प्रमाणात कमी व्हावा, नाहीतर तो फक्त आणखी एक नोंदवही सांभाळणारा होईल. आठवड्यातला एक तास टीमच्या बैठकीसाठी शाळेच्या वेळापत्रकात छापला जावा आणि त्या तासाला वर्गशिक्षकांच्या वर्गाची सोय करण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांवर असावी. मदतनीसांना त्या तासाचं मानधन मिळावं. पालकांना बोलावलं तर तालुक्याच्या ठिकाणी न बोलावता मुलाच्या शाळेत, त्यांना जमेल त्या वेळी बोलवावं. शाळा बदलली की आराखडा मुलाच्या दाखल्याबरोबर जावा.

'निष्ठा'सारख्या शिक्षकांच्या सरकारी प्रशिक्षणात समावेशित शिक्षणाचा भाग आहे, तो राहू द्या. पण टीम कशी चालवायची, दोन सहकाऱ्यांचं एका मुलावरून पटत नसेल तर काय करायचं, नव्या विशेष शिक्षकाला पहिल्या महिन्यात एकटं कसं सोडायचं नाही, हे आम्हाला कुणीही शिकवलेलं नाही. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी अशा प्रमुखांसाठी प्रत्यक्ष शाळेत बसून मार्गदर्शन करावं. ज्या केंद्रांत हे काम आज बरं चाललं आहे, तिथल्या लोकांना प्रशिक्षक म्हणून घ्या. ते नक्की येतील.

यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही, एक शासन निर्णय पुरेसा आहे. जून महिन्यात वेळापत्रकं भिंतीवर लागतात, त्याआधी तो निघाला तर येत्या वर्षीच तो तास मिळू शकेल. मसुदा करताना प्रत्यक्ष काम करणाऱ्या विशेष शिक्षकांना, मदतनीसांना आणि पालकांना बोलवावं, अशी विनंती आहे. मी स्वतः आमच्या वह्या घेऊन यायला तयार आहे.

आपली,
एका केंद्रशाळेतील विशेष शिक्षिका