रात्री आईजवळ बसणारी मुलगी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात म्हातारपणाच्या आजारांवर बरंच येतं, पण उद्या यावर संशोधन करणारी मुलं कुठून यायची याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

माझ्या आईला शेवटची चार वर्षं डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू जाण्याचा आजार होता. रात्री सोबतीला एक मुलगी यायची, छोटा उदेपूरकडची, राठवा समाजातली, घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. दिवसा बीएस्सीचे वर्ग आणि रात्री बडोद्यात दांडिया बाजारात आमच्याकडे आईच्या खाटेशेजारी. आईला ती बा म्हणायची. बा किती वाजता उठल्या, पाणी किती प्यायल्या, दिवेलागणीला घाबरल्या का, कोणाला हाका मारत होत्या, सगळं एका वहीत लिहून ठेवायची, कोणी सांगितलं नसताना. एकदा आई दोन दिवसांत एकदम भ्रमिष्टासारखी वागायला लागली, आम्हाला वाटलं आजार वाढला, तर ही म्हणते, "बेन, डिमेन्शिया तर हळूहळू वाढतो ना, मग दोन दिवसांत कसं काय?" वही काढून दाखवली, पाणी कमी झालेलं, लघवीला सारखं जायचं. डॉक्टरांनी लघवी तपासली तर इन्फेक्शन निघालं, म्हाताऱ्या माणसांना त्याने असा अचानक भ्रम होतो. औषधाने आई आठवड्याभरात पहिल्यासारखी झाली.

मला तर हेच संशोधन वाटतं. पण तिने कॉलेजात प्रोजेक्ट मागितला तर एक सर म्हणाले आधी टक्के आण. आता चार वर्षांच्या डिग्रीत शेवटच्या वर्षी रिसर्च करायचा तर पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के लागतात, रात्रभर जागणाऱ्या पोरीने ते आणायचे कधी? देशातल्या विज्ञान अकादमी मुलांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांकडे पाठवतात, स्टायपेंडही देतात, पण ते तिला माहीत नव्हतं आणि मला कळलं तोवर तारीख गेली होती.

अशी मुलं या कामात नसली की प्रश्नच चुकीचे विचारले जातात. परदेशातून आलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत कागदावरचं वाचा, एक वाक्य लिहा, शंभरातून सात-सात वजा करत जा असं असतं. जी बाई शाळेची पायरीच चढली नाही ती नापास होणार, डोकं कितीही शाबूत असो. हरियाणात बल्लभगढला 1990 च्या दशकात निरक्षर खेडूत म्हाताऱ्यांसाठी हिंदीत चाचणी केली तेव्हा वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे म्हणायला लावले आणि वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराबद्दल काहीतरी सांगा म्हटलं, केवढा फरक आहे बघा. हेच राठवीत विचारायचं तर त्या घरातलं माणूस नको का?

अमेरिकेत नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंग ही 1974 सालची सरकारी संस्था आहे, तिने विद्यापीठांना यासाठीच पैसे दिले, ज्या समाजातून शास्त्रज्ञ कमी येतात तिथली मुलं पदवीच्या वर्षांतच घ्यायची, लॅबमध्ये पगारी काम द्यायचं, मागे एक गाइड ठेवायचा. पगारी हे मी मुद्दाम लिहितेय, फुकट इंटर्नशिप करायची तर तिला रात्रीचं काम सोडावं लागलं असतं आणि मग फी कशी भरायची?

आपल्या विद्यापीठात सायन्स आहे, स्टॅटिस्टिक्स आहे, न्यूट्रिशन आहे, सोशल वर्क आहे. 2017-18 मध्ये लासी नावाची म्हातारपणाबद्दलची पाहणी झाली, देशभरातल्या 45 वर्षांवरच्या 72 हजारांहून जास्त लोकांची, तिचा डेटा अभ्यासाला मिळतो, तो घेऊन दहा मुलांची बॅच बसवायला एक कॉम्प्युटर लॅब आणि एक मनापासून शिकवणारा माणूस पुरे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घ्या, टक्के बघू नका, घरात कोणाची सेवा केलीय ते विचारा, स्टायपेंड द्या आणि इंग्रजी फॉर्म भरायला कोणीतरी शेजारी बसा. 1913 ला सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला शिकायला गेले, त्या महाराजांच्या बडोद्यात दहा स्टायपेंड जड नाहीत.

आई मार्चमध्ये गेली. ती मुलगी हालोलला एका औषध कंपनीत लागलीय, पॅकिंगला. वही माझ्याकडे आहे, चार वर्षांची, तारीखवार, तिला विचारलंय, ती हो म्हणाली. कोणा प्राध्यापकांना बघायची असेल तर माझा पत्ता तुमच्याकडे आहे, आणि तिला काम द्यायचं असेल तर तिचा नंबर मी देईन.

आपली,
एक वाचक, बडोदा